अझोर्स, मदेरा, कॅनरी: छोट्या जहाजाची सफर आखताना आधी काय, नंतर काय

अटलांटिकमधल्या ज्वालामुखी बेटांची सफर ठरली की बहुतेक मंडळी सर्वांत आधी विमानाची तिकिटं काढून मोकळी होतात. मग जहाज, मग व्हिसा, आणि कुठल्या बेटावर नेमका किती वेळ मिळणार हे अगदी शेवटी बघतात. हा क्रम उलटा आहे. पुढच्या जवळपास सगळ्या अडचणी त्यातूनच निघतात. व्हिसा चुकीच्या देशाकडे मागितला जातो, एकाच प्रवेशाचा व्हिसा हातात असताना जहाज मध्येच मोरोक्कोला जाऊन येणार असतं, किंवा विमान ज्या दुपारी उतरतं त्याच संध्याकाळी जहाज सुटणार असतं.

हा लेख साधारण शंभर ते तीनशे प्रवासी नेणाऱ्या छोट्या, आरामदायी जहाजांपुरता आहे. बेटांचे समूह तीन: पोर्तुगालची अझोर्स ही नऊ बेटं, पोर्तुगालचंच मदेरा आणि स्पेनची कॅनरी बेटं. या भागात वेळापत्रक छापील असलं तरी ते समुद्रावर अवलंबून असतं. लाट मोठी असेल तर कप्तान बंदर वगळतो किंवा बदलतो, आणि तिकिटाच्या अटी त्याला तशी मुभा देतात. म्हणून प्रत्येक टप्प्यावर ‘एखादं बंदर हुकलं तर?’ हा प्रश्न विचारून बघा.

## १. आधी मार्ग, मग महिना

नकाशावर ही बेटं जवळजवळ दिसतात, पण तशी ती नाहीत. अझोर्समधल्या साओ मिगेल बेटावरचं पोंता देल्गादा ते मदेराचं फुंशाल हे अंतर हजार किलोमीटरच्या घरात आहे. तासाला तेरा-चौदा सागरी मैल जाणाऱ्या छोट्या जहाजाला त्यासाठी दीड दिवसाहून जास्त लागतो. म्हणजे सात रात्रींत तिन्ही समूह ‘करून टाकू’ म्हटलं तर सफरीचा मोठा भाग पाण्यातच जाणार. माझं स्पष्ट मत: सात-आठ रात्री असतील तर एकच समूह घ्या, फार तर मदेरा आणि कॅनरी एकत्र. तिन्ही हवे असतील तर किमान बारा रात्री हाताशी ठेवा.

माहितीपत्रकात बेटांची नावं मोठ्या अक्षरांत असतात, वेळा बारीक अक्षरांत. तुम्ही वेळा वाचा. सकाळी आठला लागून दुपारी एकला सुटणारं जहाज आणि रात्री दहापर्यंत थांबणारं जहाज, दोन्हींत बेटाचं नाव तेच छापलेलं असतं. प्रत्येक बंदरासमोर तीन गोष्टी लिहून काढा: किती वाजता लागतं, किती वाजता सुटतं, आणि धक्क्याला लागतं की बाहेर नांगर टाकून बोटीने उतरवतात.

महिन्याचं गणित समूहानुसार बदलतं. अझोर्ससाठी मे ते सप्टेंबर बरे. देवमासे हेच मुख्य आकर्षण असेल तर एप्रिल-मे गाठा, कारण निळे देवमासे आणि फिन देवमासे त्या सुमारास इथून उत्तरेकडे जातात. स्पर्म व्हेल वर्षभर असतात. हिवाळ्यात अझोर्सचा समुद्र फार उसळतो, तेव्हा कॅनरी निवडा. मदेरा बाराही महिने चालतं.

एप्रिल आणि ऑक्टोबरच्या आसपास काही जहाजं एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात हलवली जातात. या फेऱ्या स्वस्त असतात, पण त्यांत सलग पाण्यातले दिवस जास्त. पहिल्यांदाच जाणाऱ्याने त्या टाळाव्यात.

तपासा: बंदरात मिळणारे एकूण तास मोजा आणि त्यातलं एक बंदर खोडून पुन्हा मोजा. उरलेली सफरसुद्धा तुम्हाला त्या पैशांत पटते का? पटत नसेल तर दुसरा मार्ग शोधा.

## २. जहाज आणि केबिन

सगळ्यात महाग केबिन सगळ्यात सुखाची असते, हा समज इथे खोटा ठरतो. जहाज डुलतं तेव्हा वरचे मजले आणि पुढचं टोक सर्वांत जास्त हलतं. बाल्कनीवाले मोठे स्वीट बहुधा तिथेच असतात. ज्यांना घाटातल्या एसटीत मळमळतं त्यांनी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी. पैसेही वाचतात.

आरक्षणाआधी लेखी विचारायचे प्रश्न असे:

- जहाजाला डोलणं कमी करणारे स्टॅबिलायझर आहेत का, आणि नांगर टाकून उभं असताना ते काम करतात का?
- लिफ्ट आहे का, आणि ती बोटीत उतरण्याच्या मजल्यापर्यंत जाते का? आई-बाबांना नेणाऱ्यांनी हा प्रश्न सोडू नये.
- डॉक्टर जहाजावर पूर्ण वेळ असतो का?
- टीप, बंदरशुल्क, किनाऱ्यावरच्या सहली आणि इंटरनेट यांतलं काय भाड्यात धरलं आहे?
- एकट्या प्रवाशाला जादा आकार किती?

दोन जहाजांच्या भाड्याची तुलना चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय करू नका. वरवर महाग दिसणारं भाडं सगळं धरून स्वस्त पडल्याचं अनेकदा दिसतं.

## ३. व्हिसा: सर्वांत जास्त चुका इथे होतात

अझोर्स, मदेरा आणि कॅनरी ही तिन्ही शेंगेन क्षेत्रात (एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) येतात, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर एकच शेंगेन व्हिसा पुरतो. तो कुठल्या देशाकडे मागायचा, इथे गाडी अडते. नियम असा आहे की जिथे जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखे असतील तर जिथे पहिला प्रवेश, त्या देशाकडे. लिस्बनमध्ये दोन रात्री, मग अझोर्स, मदेरा आणि शेवटी कॅनरीत दोन रात्री असा मार्ग असेल तर अर्ज पोर्तुगालचा. लास पाल्मासहून निघून चार कॅनरी बेटं आणि एक दिवस फुंशाल असेल तर स्पेनचा. विमान फ्रँकफर्टला बदलतं म्हणून जर्मनीकडे अर्ज करणं चूक.

अर्जासोबत तारीखवार तक्ता जोडा: तारीख, बंदर, देश, रात्र कुठे. जहाज कंपनीकडून पासपोर्टवरच्या नावानेच आरक्षणपत्र मागून घ्या. नुसती पैसे भरल्याची पावती पुरेशी नसते.

आता वेळेचं गणित. शेंगेन अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतात. जहाजाची उरलेली रक्कम मात्र बहुधा ९० ते १२० दिवस आधी भरायची असते आणि त्यानंतर रद्द केलं तर मोठा भाग बुडतो. या दोन्ही मुदती कॅलेंडरवर शेजारी-शेजारी मांडा. अर्जाची खिडकी उघडताच अपॉइंटमेंट घेतलीत तर उरलेली रक्कम भरण्याआधी व्हिसा हातात पडतो. उन्हाळ्याच्या प्रवासासाठी गर्दी खूप असते. तिथे महिनाभर उशीर झाला की हा ताळमेळ बिघडतो.

सावध: काही मार्ग मध्येच मोरोक्को किंवा केप वर्दी बेटांना शिवतात. ही ठिकाणं शेंगेनबाहेर आहेत. तिथून परत कॅनरी किंवा मदेराला येणं म्हणजे दुसरा प्रवेश, म्हणून व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा, आणि त्या देशाचे नियम वेगळे पाळावे लागतात. मधलं एक बंदर शेंगेनबाहेरचं असेल आणि व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर जहाज तुम्हाला चढू न देण्याची शक्यता मोठी.

तपासा: पासपोर्ट शेंगेनमधून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा, गेल्या दहा वर्षांतला असावा आणि त्यात दोन कोरी पानं असावीत. व्हिसा मिळाला की त्यावरच्या तारखा आणि दिवसांची संख्या तिथेच बघा. जहाजाला उशीर झाला तर पुरतील असे दोन-चार दिवस वरचे मागितलेले बरे.

पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोवेकरांना हा टप्पा नाही, पण भारतात परतताना ओसीआय कार्ड किंवा भारताचा व्हिसा जवळ हवा.

## ४. विमान: बंदराच्या गावी दोन रात्री आधी

मुंबईहून लिस्बनला जाताना वाटेत विमान बदलावं लागतं, आणि लिस्बन ते पोंता देल्गादा आणखी अडीच तास. फुंशालचा विमानतळ डोंगर आणि समुद्र यांच्या मध्ये आहे. आडवा वारा सुटला की तिथे विमानं उतरू शकत नाहीत आणि शेजारच्या पोर्तो सांतोला किंवा थेट दुसरीकडे वळवली जातात. अझोर्सलाही धुकं आणि वारा यांमुळे उशीर होतो. म्हणून जहाज ज्या गावाहून सुटतं तिथे दोन रात्री आधी पोचा. एक रात्र ही अगदी किमान मर्यादा. त्याच दिवशी पोचण्याचा बेत आखूच नका.

सगळे टप्पे एकाच तिकिटावर घ्या. लिस्बनपर्यंत एक तिकीट आणि पुढचं वेगळं असेल तर पहिलं विमान उशिरा आल्यावर दुसरं गेलं तरी कोणी जबाबदारी घेत नाही. लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर आधी थांबा, कारण भारतीय पासपोर्टवर तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचा प्रश्न उभा राहू शकतो. आखाती देश, इस्तंबूल किंवा शेंगेनमधलंच एखादं शहर सोपं पडतं.

परतीचं विमान जहाज लागण्याच्या दिवशी दुपारनंतरचं घ्या. दुसऱ्या दिवशीचं मिळालं तर उत्तम.

## ५. विमा आणि पैसे

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. ती व्हिसाची अट आहे. तुमची गरज त्याहून मोठी असू शकते. अझोर्सच्या नऊ बेटांपैकी फक्त तिघांवर रुग्णालयं आहेत: साओ मिगेल, तेर्सेरा आणि फायाल. फ्लोरेस किंवा कोर्वूसारख्या लांबच्या बेटावर काही झालं तर रुग्णाला हवाई मार्गाने हलवावं लागतं. म्हणून पॉलिसीत पुढचे शब्द शोधा: क्रूझ प्रवास, समुद्रावरून आपत्कालीन हलवणूक, आधीपासूनचे आजार, जहाज चुकल्यास पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च. बीपी आणि मधुमेह लपवू नका, दावा तिथेच फेटाळला जातो.

पैशांसाठी युरोचं फॉरेक्स कार्ड, वर एक क्रेडिट कार्ड आणि थोडी रोकड पुरते. भारतातून पॅकेज घेतलंत तर टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला कर) कापला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून त्याचं प्रमाणपत्र जपून ठेवा.

## ६. बॅग, औषधं आणि खाऊ

मदेरा आणि कॅनरीच्या उंच बेटांवर ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे डोंगराला अडतात. त्यामुळे उत्तरेची बाजू ओली आणि गर्द हिरवी, तर दक्षिणेची कोरडी असते. एकाच दिवशी एकाच बेटावर ऊन, धुकं आणि पाऊस भेटतात. छत्री वाऱ्यात टिकत नाही, टोपीचं पावसाळी जाकीट घ्या. कपडे थरांनी घालता येतील असे हवेत. बुटांचा तळ खरखरीत हवा, कारण ओला लाव्हा खडक निसरडाही असतो आणि धारदारही. जुना, गडद रंगाचा पोहण्याचा पोशाख घ्या. साओ मिगेलवर फुर्नासला तेरा नोस्त्रा बागेत गरम पाण्याचं मोठं कुंड आहे. त्यातल्या लोहामुळे फिका कपडा कायमचा पिवळा-तांबूस होतो.

मळमळीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. त्या जहाज सुटण्याआधी घ्यायच्या असतात, उलटी सुरू झाल्यावर त्यांचा फारसा उपयोग नाही. काहींनी गुंगी येते, म्हणून घरी एकदा घेऊन बघा. आलेपाक जवळ ठेवा, पण औषधाच्या ऐवजी नव्हे. सगळी औषधं मूळ वेष्टनात, इंग्रजीतल्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

खाऊच्या बाबतीत आपली माणसं हमखास अडकतात. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे, बर्फी, खवापोळी, तूप हे सगळं त्यात आलं. ताजी फळं आणि भाजीपाला यांना, थोडे अपवाद वगळता, रोपस्वास्थ्य प्रमाणपत्र लागतं. तेव्हा नातेवाइकांसाठी हापूसची पेटी किंवा कढीपत्त्याची जुडी बॅगेत टाकू नका. चिवडा, चकली, शेंगदाण्याची चटणी, खाकरा चालतात. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री आणि एक्स्टेन्शन बोर्ड आगीच्या भीतीने जहाजावर काढून घेतात.

शाकाहारी आणि जैन मंडळींनी जहाजाला दीड-दोन महिने आधी लेखी कळवावं, कारण शिधा निघण्याच्या बंदरावरच भरला जातो. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहून भागत नाही. ‘मासे, अंडी, मांसाचा रस्सा, जिलेटिन नको’ असं सुटं सुटं लिहा आणि पहिल्या रात्री जेवणघराच्या प्रमुखाला पुन्हा सांगा.

## ७. बंदरातले दिवस घरूनच ठरवा

छोट्या जहाजाच्या सहलींत जागा थोड्या असतात. आरक्षण उघडेल त्या दिवशीच बसा. प्रत्येक बंदरात एकच मोठी गोष्ट धरा. पोंता देल्गादाहून सेते सिदादेसची सरोवरं पश्चिमेला आणि फुर्नास पूर्वेला. दोन्ही एका दिवसात केलं की दोन्हीकडे फक्त फोटो होतात. मी फुर्नास निवडेन, कारण तिथला अनुभव धुक्यातही बुडत नाही. सेते सिदादेसचं ‘विस्ता दो रेई’ हे दृश्यस्थळ ढगात असेल तर समोर पांढरा पडदाच दिसतो. निघण्याआधी ‘स्पॉट अझोर्स’ या संकेतस्थळाचे थेट कॅमेरे उघडून बघा.

काही ठिकाणांची आधीची कामं:

- तेइदे ज्वालामुखी, तेनेरीफ (कॅनरी): रोपवे २३५६ मीटरवरून ३५५५ मीटरवर नेतो. ३७१५ मीटरच्या माथ्यापर्यंत चालायला वेगळा परवाना लागतो. समुद्रसपाटीवरून काही तासांत एवढ्या उंचीवर जाणं हृदयरोग्यांनी टाळावं. वारा असला की रोपवे बंद, म्हणून पर्याय ठरवून ठेवा.
- मदेराच्या लेवादा पायवाटा: पाटाच्या कडेने जाणाऱ्या अरुंद वाटा, काही ठिकाणी एका बाजूला खोल दरी आणि मध्ये अंधारे बोगदे. बऱ्याच वाटांना आधी ऑनलाइन नोंदणी आणि शुल्क लागतं. उंचीची भीती असणाऱ्याला ओढून नेऊ नका. टॉर्च घ्या.
- पिको पर्वत, पिको बेट (अझोर्स): २३५१ मीटर, चढउताराला सात-आठ तास. जहाजाच्या दिवसात तो बसत नाही. पायथ्याच्या काळ्या दगडी कुंपणांतल्या द्राक्षवाड्या बघा, त्या युनेस्कोच्या यादीत आहेत.
- तिमानफाया, लांझारोते (कॅनरी): लाव्हाच्या मुख्य भागात ठरलेल्या बसनेच फिरता येतं, मनाला येईल तिथे उतरून चालता येत नाही.
- देवमासे बघण्याची छोटी बोट: ती लाटांवर आपटत जाते. पाठीचं दुखणं असलेल्यांनी आणि गर्भवतींनी मोठी बोट मागावी.

सावध: फायाल बेटावरच्या ओर्ता बंदराहून पिकोला जाणारी फेरीबोट अर्ध्या तासाचीच आहे, म्हणून अनेकांना मोह होतो. स्वतंत्रपणे गेलात आणि परतीची फेरी रद्द झाली तर जहाज थांबणार नाही. जहाजाच्या सहलीतून गेलेल्यांसाठी ते सहसा थांबतं. स्वतः जायचंच असेल तर सुटण्याच्या किमान तीन तास आधी परत या.

## ८. चढल्यावरचे पहिले तास

पासपोर्ट बहुधा जहाजाच्या कार्यालयात जमा होतो. त्याची छायाप्रत आणि फोनमधला फोटो तुमच्याकडे हवा. सामान लावण्याआधी सुरक्षा कवायत करा. ती सक्तीची आहे, आणि जीवरक्षक जाकीट कसं बांधायचं हे तिथे प्रत्यक्ष करून बघा.

मग घड्याळ. अझोर्सची वेळ मदेरा आणि कॅनरीपेक्षा एक तास मागे आहे. तुमचा फोन किनाऱ्याची वेळ आपोआप पकडतो, पण जहाज कधीकधी स्वतःचीच वेळ चालू ठेवतं. मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि ते जहाजाच्या वेळेवर लावा. परत यायची वेळ नेहमी जहाजाच्या घड्याळाने सांगितलेली असते.

फोन समुद्रात फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडलं जातं आणि बिल फार मोठं येतं. युरोपसाठी घेतलेलं ई-सिम तिन्ही समूहांत चालतं, पण किनाऱ्यावर किंवा त्याच्या जवळच.

## ९. रबरी बोटीत उतरणं

झोडियाक नावाच्या या बोटीत चढणं अवघड नाही, क्रम चुकला की अवघड होतं.

१. दोन्ही हात मोकळे. कॅमेरा, पर्स, काठी सगळं पाठीवरच्या बॅगेत किंवा खलाशाच्या हाती.
२. खलाशाचा हात धरताना पंजात पंजा नको. तुमच्या हाताने त्याचं मनगटाच्या वरचं कोपराखालचं अंग घट्ट पकडा, तोही तसंच पकडेल.
३. तो ‘आता’ म्हणेल तेव्हाच पाऊल. लाट बोट वर आणते तो क्षण त्याला कळतो.
४. आधी बोटीच्या कडेवर, मग आतल्या पायरीवर, मग तळाशी. उडी नाही.
५. लगेच खाली बसा आणि सरकत जागेवर जा.

साडी किंवा ओढणी त्या दिवशी नको. गुडघे दुखत असतील तर आधी सांगा, मधल्या जागेवर बसवतात. लाट मोठी वाटली तर उतरायला नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. कोणी भरीला घातलं तरी बधू नका.

## १०. किनाऱ्यावर

फुर्नासला वाफाळणाऱ्या कुंडांभोवतीची कुंपणं ओलांडू नका, वरचा थर पातळ असतो आणि खाली उकळतं पाणी. कॅनरीतल्या ला पाल्मा बेटावर २०२१ मध्ये १९ सप्टेंबर ते १३ डिसेंबर असा ८५ दिवस उद्रेक झाला. त्या नव्या लाव्हाच्या भागात जिथे वाटाड्या सक्तीचा आहे तिथे त्याच्यासोबतच जा. तेर्सेराच्या बिस्कोइतोस किंवा मदेराच्या पोर्तो मोनीझ इथल्या खडकांमधल्या तलावांत उतरण्याआधी पाच मिनिटं नुसतं उभं राहून लाटा बघा. लाट कडेवरून आत येत असेल तर पोहू नका. आठवण म्हणून दगड, वाळू उचलू नका. कॅनरीत त्यासाठी दंड होतो.

जेवणात ‘काल्दो वेर्दे’ सूप हिरवं दिसतं, पण त्यात सॉसेजचे काप असतात. फुर्नासचं जमिनीत पुरून शिजवलेलं ‘कोझिदो’ गाय आणि डुक्कर यांच्या मांसाचं असतं. तिथेच गरम झऱ्यात उकडलेली मक्याची कणसं मिळतात, ती शाकाहाऱ्यांनी जरूर खावीत. मदेराला लसूण-लोणी लावलेला ‘बोलो दो काको’ पाव, कॅनरीत मिठाच्या पाण्यात उकडलेले सुरकुतलेले बटाटे ‘मोहो’ चटणीसोबत. तिथलं भाजलेल्या धान्याचं ‘गोफियो’ पीठ आपल्या सातूच्या पिठासारखं लागतं, पण ते रश्श्यात कालवलेलं असेल तर रस्सा कशाचा ते विचारा.

## ११. उतरण्याची तयारी आदल्या रात्री

मोठ्या बॅगा आदल्या रात्री केबिनबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, बूट, औषधं आणि चार्जर त्यात गेले नाहीत ना ते बघा. बिल रात्रीच तपासा, सकाळी रांग लागते. पासपोर्ट हाती आल्यावर तो तुमचाच आहे याची खात्री करून मगच जिना उतरा.

मदेरा वाइनच्या बाटल्या मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा, बेटावरच्या दुकानातून घेतलेली बाटली हातातल्या बॅगेत नेता येत नाही. भारतात येताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंतच मद्य शुल्काविना आणता येतं. लिस्बनला शेंगेनबाहेर जाणारं विमान पकडणार असाल तर पासपोर्ट तपासणीच्या रांगेसाठी हाताशी पुरेसा वेळ ठेवा. शेंगेनमधून तुमची अधिकृत निर्गमन नोंद तिथे होते, आणि पुढच्या व्हिसाच्या वेळी हीच नोंद बघितली जाते.